खोक्यावरून उठायचं नाही

१ ऑगस्ट १९९८, शनिवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कोणीही वाचायची नाही. (वीणाताई, हे तुलाच.)
वय बत्तीस वर्षं सात महिने. आजवर पाहिलेल्या मुली नऊ. नकार त्यांचे सहा, आमचे तीन. त्या तिनातले दोन आईचे. दहावी विद्युल्लता, मिरज, कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मागच्या शुक्रवारी फोनवर चार मिनिटं बोललो. मी इथल्या, दुबईच्या उन्हाचं सांगत होतो, तर ती मध्येच हसली. उन्हाला नाही, मला. तेव्हापासून जेवण जात नाही. ताई म्हणते गुडघ्याला बाशिंग बांधलंय. म्हणू दे.
पाहण्याचा कार्यक्रम रविवारी ९ तारखेला, मिरजेत. विमान शुक्रवारी ७ ला. ट्रॅव्हल एजंटाकडे सीट धरून ठेवलीय. साडेअकराशे दिरहॅम, म्हणजे तेरा हजारांच्या वर. हरकत नाही.
अडचण एकच. पासपोर्ट पानोस साहेबांच्या लॉकरमध्ये आहे. ऑफिसातल्या सगळ्यांचेच तिथे असतात. रजेचा फॉर्म भरून तयार, फक्त साहेबांची सही.

रात्री ८.००
सही झाली नाही. मागितलीच नाही. घाई करून चालत नाही. साहेब ग्रीक, आमची कंपनी जहाजांना दोरखंड, रंग, साबण, कांदे-बटाटे पुरवते, आणि साहेबांचं तोंड बाराही महिने सडक्या कांद्यासारखं असतं. पण उद्यापासून युरोपात आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा आहे. साहेबांनी तेवढ्यासाठी केबिनमध्ये नवा टीव्ही आणि गच्चीवर डिश बसवलीय. ग्रीसला मेडल मिळालं की साहेब खूश. साहेब खूश की फॉर्म पुढे. सही, पासपोर्ट, मिरज.
ताई म्हणाली, मेल्या, जाऊन सरळ माग ना. तिला ऑफिसचं पॉलिटिक्स काय कळणार.

२ ऑगस्ट, रविवार
संकल्प: ग्रीक टीमची नावं पाठ करणे. रोज दहा.
पेपरातून यादी कापली. नावं इतकी लांब की एक संपेपर्यंत पहिला भाग विसरतो. ताईची मुलगी मिहिका (वय १०) पाठांतर घेत होती. इंग्लिशमध्ये म्हणाली की मामा, यू डोन्ट इव्हन लाइक स्पोर्ट्स. इथे वाढलेल्या पोरांना मोठ्यांच्या डिसिप्लिनची कदर नाही.
ऑफिसात (इथे सुट्टी शुक्रवारी) साहेबांना सांगितलं की मला लहानपणापासून ग्रीसबद्दल फार आदर. साहेबांनी विचारलं, का? मी म्हटलं, भूमिती.
संध्याकाळी ग्रीसचा हर्डल्सवाला दुसऱ्याच अडथळ्यात आडवा झाला. फॉर्म खिशातच.

३ ऑगस्ट, सोमवार. दुपारी २.३०
मोठी घटना. सविस्तर लिहितो.
साडेबारा वाजता इन्व्हॉइस सहीला घेऊन केबिनमध्ये गेलो. तिहेरी उडीची पात्रता फेरी चालू होती. ग्रीसचा थिओ म्हणून एक पोरगा आहे. (पुढचं नाव अजून पाठ नाही.) दोन उड्या फाउल. केबिनमध्ये खुर्ची एकच, त्यावर साहेब. मी कोपऱ्यातल्या खोक्यावर टेकलो. रंगाचे डबे आहेत आत, मजबूत आहे. टेकलो आणि थिओने तिसरी उडी मारली. थेट फायनलमध्ये!
साहेबांनी मला मिठीच मारली. सहा वर्षांत पहिल्यांदा. मग पोराला दृष्ट लागू नये म्हणून टीव्हीकडे बघून फ्तू फ्तू फ्तू असं तीनदा थुंकल्यासारखं केलं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमची आजी मीठ-मोहऱ्या ओवाळायची, तसंच हे. त्या भरात मी सांगून टाकलं की सर, आमच्याकडे पण असतं. मॅच चांगली चालली असेल तर जो जिथे बसलाय तिथून त्याने उठायचं नाही. उठला की विकेट पडते. एप्रिलमधली शारजाची फायनल मी डावी मांडी घालून पाहिली, साडेतीन तास, लघवीलासुद्धा उठलो नाही. भारत जिंकला तो कसा, हे पेपरात आलं नाही एवढंच.
साहेबांनी फार गंभीरपणे ऐकलं. मग खोक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.
फॉर्म द्यायचा राहिला. दुसऱ्या पँटमध्ये होता.

४ ऑगस्ट, मंगळवार
साहेबांनी स्वतः बोलावलं. म्हणाले, माय फ्रेंड, सिट. खोक्यावर.
बसलो. ग्रीसची भालाफेकवाली फायनलमध्ये गेली. पोल व्हॉल्टवाला गेला. साहेबांनी माझं बिलांचं काम अकाउंट्सवाल्या दर्शनकडे दिलं. दर्शनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला वाटतं हे प्रमोशनच आहे, फक्त लेटर यायचं बाकी.
बसून बसून पाहिलं: लॉकर माझ्यापासून हातभर अंतरावर. पासपोर्ट आत. दार मागे, उघडंच असतं. एसीचा झोत बरोबर मानेवर. रजा मागायला उठावं लागेल, आणि उठणं सध्या योग्य नाही.
एजंटाचा फोन. सीट पक्की करू का? म्हटलं, इन्शाल्ला.

५ ऑगस्ट, बुधवार. दुपारी ३.४०
आज चूक झाली. माणूस आहे मी. सव्वाबाराला निकड लागली. दीड मिनिटात आलो. तेवढ्यात भालाफेकवालीचा पाय रेषेवर.
साहेबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं.
मग नियम ठरले. स्पर्धा चालू असताना हलायचं नाही. चहा एकच कप. पाणी घोट-घोट. डबा तिथेच. डबा घेऊन अलीमियाँ आले. ते आमचे ऑफिसबॉय. वय पंचावन्न, हैदराबादचे, तरी बॉयच. म्हणाले, क्या जी उपेंदर साब, मुर्गी सरीका बैठ गए, अंडा कब देते? मी दुर्लक्ष केलं. अडाणी माणसाशी काय वाद घालायचा.
पाय बधिर होतात. उपाय: अंगठे हलवत राहणे.

रात्री
ताईने विचारलं, फॉर्म दिलास? सांगितलं की योग्य वेळी. तिने डोक्याला हात लावला. परवा विमान आहे रे तुझं, म्हणाली. मला माहीत नाही का?

६ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी ७.१५
ब्राँझ!! ग्रीसला ब्राँझ! पोल व्हॉल्ट!
साहेब रडले. मीही थोडा रडलो. पायांना मुंग्या आल्या होत्या, ते कारण वेगळं.
आणि फॉर्म काढला. बसल्या बसल्याच दिला. प्लॅन म्हणजे प्लॅन.
साहेबांनी वाचला. उद्यापासून? म्हणाले. मी मान हलवली. लग्नासाठी मुलगी बघायची आहे, सांगितलं. साहेबांनी किल्ली काढली, लॉकर उघडला, माझा पासपोर्ट शोधून टेबलावर ठेवला. निळा. सहा वर्षांपूर्वीचा फोटो, केस भरपूर. म्हणाले की माय फ्रेंड, तुझं आयुष्य आहे, मी कोण अडवणार. सही करतो. फक्त एक, थिओची फायनल रविवारी चारला आहे. तू गेलास तर काय होईल ते देव जाणे.
काय होईल ते मलाही माहीत होतं.
बत्तीस वर्षांत कोणी मला असं म्हणालेलं नाही. घरी आई म्हणते, तू असलास काय नसलास काय सारखंच. इथे एका अख्ख्या देशाचं... जाऊ दे. मीच पासपोर्ट उचलला आणि त्यांच्या हातात परत दिला. म्हटलं, ठेवा सर, सोमवारी घेईन. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. लॉकर बंद झाला.
एजंटाला फोन करून सीट सोडली. खलास.
ताईला सांगितलं की साहेब पासपोर्ट देत नाहीत. थोडक्यात सांगायचं तर तसंच आहे.

७ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी १.००
सुट्टी असून सकाळी ऑफिसात. गोळाफेकीची पात्रता. बसलो होतो. ग्रीस बाराव्या नंबरवर, पण बसलो नसतो तर तेरावा आला असता.
मिरजेला फोन. वसंतरावांनी (तिचे वडील) घेतला. सांगितलं की कंपनीचं इंटरनॅशनल काम अडलंय, पासपोर्ट लॉकरमध्ये, मी अगदी अडकून पडलोय, सोळा तारखेला येतो. वसंतराव म्हणाले, अहो, बुधवारी बारा तारखेला पुण्याचा मुलगा येतोय, त्यांना आम्ही तुमच्यासाठी थांबवून धरलं होतं. किती दिवस धरणार? बरोबर आहे त्यांचं.
मग तिने फोन घेतला. तिचा आवाज ऐकून मी उभाच राहिलो. काम नेमकं काय आहे, विचारलं. मी म्हटलं, ॲथलेटिक्स को-ऑर्डिनेशन. ती परत हसली. म्हणाली की मला पोहे करायला येत नाहीत, त्यामुळे पोहे फोनवर झाले तरी चालतील. रविवारी मी तुमच्या ऑफिसात फोन करते, आमचे साडेपाच, तुमचे चार. तुम्ही काय ते विचारा, मी काय ते विचारते. बाबांना सोमवारी उत्तर देते.
अशी मुलगी! स्वतः फोन करणारी! मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, चार.

८ ऑगस्ट, शनिवार
रात्रभर विचार करून तोडगा काढला. केबिनमधला फोन साहेबांच्या टेबलावर, पण तो नंबर तिच्याकडे नाही. तिच्याकडे बाहेरच्या काउंटरचा आहे. बाहेरच्या फोनची वायर लांब करून आत आणायची, रिसीव्हर खोक्यावर. इकडे थिओ, तिकडे विद्युल्लता. एका दगडात दोन पक्षी.
तिला विचारायचे प्रश्न लिहून काढले. १. आवड. २. दुबईचं हवामान चालेल का? ३. स्वभाव. तिसरा खोडला. ताई म्हणाली, तू काय विचारतोस त्यापेक्षा ती काय विचारेल त्याचा विचार कर. राखी बांधताना म्हणाली. ओवाळताना डोळ्यांत पाणी होतं तिच्या. उगीचच.
दर्शन वायर आणतो म्हणाला.

९ ऑगस्ट, रविवार. रात्री ९.००
क्रमाने लिहितो.
३.३० ला बसलो. नवा शर्ट. साहेबांनीही नवा शर्ट घातला होता. वायर दर्शनने आणली, ती दारापर्यंत पुरली. पुढे नाही. दर्शन म्हणाला, सॉरी यार, एवढीच मिळाली. बिलांचा राग काढला त्याने.
३.५० ला, दहा मिनिटं आधीच, फायनल सुरू. थिओची पहिली उडी, सतरा मीटर एकवीस. पहिला नंबर! साहेब फ्तू फ्तू करत होते. मी श्वाससुद्धा मोजून घेत होतो.
४.०० ला फोन वाजला. वेळेची पक्की आहे. अलीमियाँनी उचलला, रिसीव्हर घेऊन दारात आले. वायर तिथे संपली. आओ साब, मिरज से मॅडम है.
थिओ पहिला. पाच फेऱ्या बाकी. मी हाताने खूण केली, थांबा.
अलीमियाँनी तिला सांगितलं की साब अभी बैठे हैं. तिने काहीतरी विचारलं असणार, कारण ते म्हणाले, नहीं नहीं, बीमार नहीं है अम्मा, खाली बैठे हैं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, पूछ रहीं कि किसी ने बांध के रखा क्या? मी म्हटलं, सांगा, पाच मिनिटं. त्यांनी सांगितलं. ती थांबली. मिरजेहून आयएसडी, मीटर पळतंय, तरी थांबली.
दुसरी फेरी. तिसरी. थिओ पहिलाच. अलीमियाँ तिच्याशी बोलत उभे. ती त्यांचं गाव विचारतेय, मुलंबाळं विचारतेय. अलीमियाँ हसतायत. मला दारातून तिचा आवाज येत होता, शब्द नाही, नुसता आवाज. उठावंसं इतकं वाटत होतं की मी दोन्ही हातांनी खोक्याच्या कडा धरून ठेवल्या.
चौथ्या फेरीत अलीमियाँ म्हणाले, साब, मॅडम बोल रहीं कि आपके और फोन के बीच में कितना फासला है? मैं बोला, तीन कदम. वो बोल रहीं, आ जाओ.
साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. काय अर्थ होता त्या नजरेचा कोण जाणे. मी म्हटलं, सांगा, शेवटच्या दोनच फेऱ्या राहिल्यात.
अलीमियाँनी सांगितलं. मग नुसतं जी, जी अम्मा, असं दोनदा म्हणाले आणि फोन ठेवून आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहाचा कप उचलून गेले.
शेवटच्या उडीत एका स्वीडिश पोराने सतरा चोवीस मारली. तीन सेंटिमीटर. थिओ दुसरा.
मी बसलोच होतो. एकदाही हललो नव्हतो. हे लिहून ठेवतो.

१० ऑगस्ट, सोमवार
साहेब खुशीत. सिल्व्हर म्हणजे काय कमी आहे का! पासपोर्ट दिला, एक महिन्याची रजा दिली, तिकीट कंपनीचं. मग विचारलं, माय फ्रेंड, काल तो फोन का घेतला नाहीस? मी म्हटलं, सर, थिओ. साहेबांना समजेना. परत सांगितलं, सर, मी उठलो असतो तर... साहेब हसायला लागले, मग हसायचे थांबले. म्हणाले की अरे, मला वाटलं तुला लग्नच करायचं नाही. पासपोर्ट हातात दिला तर परत केलास. मला वाटलं, बिचारा निमित्त शोधतोय, बसू दे. मीसुद्धा माझ्या लग्नाच्या वेळी असाच बोटीवर पळालो होतो. तू खरंच त्या खोक्यासाठी बसला होतास?
म्हटलं, नाही नाही सर.
यल्ला, जा आता घरी, म्हणाले.

दुपारी
मिरजेला फोन. वसंतराव फार सभ्यपणे बोलले. पत्रिका जुळत नाही म्हणाले. पत्रिका मागच्याच महिन्यात अठ्ठावीस गुणांनी जुळली होती. तिला फोन द्या म्हणायचं होतं. म्हटलं नाही. त्यांनी ठेवेपर्यंत ऐकत राहिलो.
ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ऑफिसात फोन करून अलीमियाँकडून तिने सगळं काढून घेतलंय, टेबलावरच्या पासपोर्टासकट. मला वाटलं आता झाडणार. तिने नुसता वरणभात वाढला. त्याचाच त्रास झाला.
मिहिका म्हणाली, मामा, व्हाय डिडन्ट यू जस्ट स्टँड अप? तिला म्हटलं, तू जेव.

१२ ऑगस्ट, बुधवार
पुण्याच्या मुलाचा कार्यक्रम झाला. ताईने मिरजेच्या ओळखीतून काढलेली बातमी. पोहे जळले होते, त्याने दोनदा मागून घेतले. होकार दोन्हीकडून. साखरपुडा वीस तारखेला.
त्या मुलाचं अभिनंदन. मनापासून. (मनापासून नाही.)
विद्युल्लता ताईच्या ओळखीच्या बाईंना म्हणाली म्हणे, दुबईचे ते गृहस्थ वाईट नव्हते. मला आवाज आवडला होता त्यांचा. मी बावीस मिनिटं धरला होता फोन.
बावीस. मला दहा-बारा वाटली होती.

१३ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ११.००
रजेवर आहे. पासपोर्ट शर्टाच्या खिशात. कुठेही जाऊ शकतो. ऑफिसात आलो.
साहेब बंदरावर गेलेत. केबिन रिकामी. टीव्ही बंद. अलीमियाँनी चहा दिला. मी खोक्याला टाच लावून उभा राहिलो आणि दारातल्या त्या जागेपर्यंत चालून पाहिलं, जिथे वायर संपत होती. सावकाश. मग परत येऊन पुन्हा एकदा.
अलीमियाँनी तिला चुकीचं सांगितलं. तीन नाहीत. अडीचच पावलं आहेत.